देवी यायच्या आत

सुईबाईंच्या पिशवीत दोन तऱ्हेच्या सुया असायच्या. एक लस टोचायची, ती स्टीलच्या डब्यात उकळून ठेवलेली. दुसरी आपली साधी शिवणाची, दोरा ओवून पिशवीच्या बंदालाच खोचलेली. आता लस टोचणाऱ्या बाईला शिवणाची सुई कशाला, असं तुम्ही विचाराल. तर त्या काळी आम्हा बायकांच्या चोळ्यांच्या बाह्या इतक्या घट्ट असायच्या, की दंडापर्यंत वर सरकवायची म्हटलं तर चोळीच काढावी लागायची. आणि ओसरीवर, चारचौघांत, चोळी कोण काढणार? म्हणून बायका लस घ्यायचं टाळायच्या आणि कारण मात्र वेगळंच सांगायच्या. हे सुईबाईंनी ओळखलं. त्या कचाकच बाहीची शिवण उसवायच्या, लस टोचायच्या, बोळा दाबायच्या आणि दोन मिनिटांत बाही पुन्हा शिवून द्यायच्या. बाईला पळायला कारणच उरायचं नाही.

आमची ओळख झाली ती भांडणातून. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, खणाची चोळी त्यांनी अशी उसवली आणि शिवून दिली. मी घरी चोळ्या शिवायची, मशीन नुकतंच घेतलेलं, त्यामुळे माझा तोरा मोठा. ते टाके बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, चोळी शिवलीय का पोत्याचं तोंड?"

सुईबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कमरेवर हात ठेवला. "एवढी हुशार हाईस तर घरात काय बसलीस? चल की माझ्यासंगं! मी टोचते, तू शीव."

आणि मी गेले की! आत्याबाई तोंडाचा आ करून बघत राहिल्या. तेव्हापासून आठवड्यातून एक दिवस मी सुईबाईंच्या मागून गल्लोगल्ली फिरायची. त्या पुढं सायकल हातात धरून, पांढरं पातळ घट्ट कसलेलं, आणि मी मागून कात्री-दोरा घेऊन. होय, सायकल! कसबा बावड्याहून त्या रोज सायकलवरून शहरात यायच्या. त्या काळी कोल्हापुरात सायकलवर बसलेली बाई दिसली की माणसं दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहायची. सुईबाई घंटी वाजवून ओरडायच्या, "बघताय काय पावणं? बाही वर करा, आलेच!" की पायरी मोकळी.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे एका फेरीत दोन्ही लशी. देवीची आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. डाव्या दंडावर देवीच्या लशीचा थेंब ठेवून त्यावर दातेरी चकती फिरवायची, तिला आम्ही फिरकी म्हणायचो. उजव्या दंडात पटकीची सुई. "माणूस दारात एकदा सापडतं," त्या म्हणायच्या. "एक लस देऊन आठ दिवसांनी या म्हटलं, की आठ दिवसांनी ते शेतावर असतंय न्हायतर सासुरवाडीला. सापडलाय तवर दोन्ही देऊन मोकळं व्हायचं."

लोक घाबरायचे. दोन औषधं एका अंगात गेली तर आत भांडतील का, असं एका म्हातारीनं विचारलं तर सुईबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या घरात सुना किती?" म्हातारी म्हणाली, "दोन." "नांदत्यात का?" "भांडत्यात, पर नांदत्यात की." "मग लशीबी नांदतील. करा हात पुढं." एकदा एक पैलवान आला. रविवारी त्याची कुस्ती होती. म्हणाला, बाई, दोन्ही एकाच हातात द्या, उजवा मला पकडीला लागतो. सुईबाई म्हणाल्या, "एवढा मोठा गडी आणि सुईला भितोस व्हय?" तो म्हणाला, "सुईला न्हाय वो, वस्तादाला भितो." मग मात्र त्यांनी हसत हसत त्याला सांगितलं, कुस्ती मारून सोमवारी ये. आणि सोमवारी तो आला, हरून आला, दोन्ही दंड पुढं करून म्हणाला, "द्या आता कुठंबी!"

परवा माझ्या नातसुनेनं मला दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर मला हळूहळू समजावत होता, आजी, दोन लशी आज एकदमच देऊ या, घाबरू नका हं. मी म्हटलं, अरे बाळा, माझे दोन्ही दंड तुझ्या आईच्या जन्माआधी टोचून झालेत. त्याला काही कळलं नाही. म्हणून तर हे लिहायला बसले.

आता मूळ गोष्ट सांगते, कुलसुमचाचीची. चाची आमच्या शेजारी, भिंतीला भिंत. चाचा पुस्तकं बांधायचे. शाळांच्या वह्या, कोर्टाची दप्तरं, सगळं त्यांच्याकडे यायचं. घरात खळीचा वास कायमचा. दोघंच जण, पोरी लग्न होऊन गेलेल्या. दोघांच्या मनात एकच गोष्ट, हजला जायचं. अर्ज करत होते वर्षानुवर्षं. आणि एका साली नंबर लागला! गल्लीनं साखर वाटली. आणि ते जाणं चुकलं. चुकलं कशानं, तर आमच्या सगळ्यांच्या शहाणपणानं.

झालं काय, की मुंबईहून बोटीत बसायच्या आधी देवी आणि पटकी, दोन्ही टोचल्याचा दाखला लागायचा. आता देवीचा मान पहिला, हे आमच्या गल्लीत हिंदूलाही ठाऊक आणि मुसलमानालाही. म्हणून चाचीनं पहिल्यांदा एका दवाखान्यात जाऊन देवीची लस टोचून घेतली. आणि देवीची लस टोचली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंडावर फोड यायचा. तो फोड आला की आमच्या लेखी साक्षात देवीच घरात आली. मग फोडणी नाही, केस विंचरणं नाही आणि घरात सुईला हात लावायचा नाही. चाचा सुद्धा खपली पडेपर्यंत पुस्तकं शिवायचे नाहीत, नुसते कागद घड्या घालून ठेवायचे. अशात पटकीची सुई अंगात टोचून घ्यायची? चाची म्हणाली, छे छे. आत्याबाई म्हणाल्या, छे छे. मीही म्हटलं, छे छे, कशाला खोटं बोलू? खपली पडेपर्यंत तीन आठवडे गेले. बोट निघून गेली. चाचांनी आपल्या दोन्ही लशी कधीच घेतल्या होत्या, त्यांना सगळे म्हणाले, तुम्ही तरी जा. चाचा म्हणाले, "हिला सोडून गेलो तर तिथं भांडू कुणासंगं?" आणि राहिले.

दुसऱ्या खेपेला नंबर लागला तोवर चार वर्षं गेली, चाचीचा देवीचा जुना दाखला संपला आणि चाचांचा दमा वाढला होता. जिना चढताना मध्ये बसायला लागायचे. बोलत कुणी नव्हतं, पण गल्लीला कळत होतं की यंदा गेले तर गेले. आणि पत्र आलं तेही उशिरा! बोटीला उरले होते अकरा दिवस. त्यातले मुंबईला पोचायचे दोन. आणि पटकीची सुई टोचल्यापासून सहा दिवस गेल्याशिवाय तो दाखला चालूच व्हायचा नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. आज नाहीतर उद्या, चाचीच्या अंगात पटकीची सुई गेली पाहिजे; चाचांनी आपलं आधीच टोचून घेतलं होतं. आणि देवीचा मान पहिला!

मी धावत जाऊन सुईबाईंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सायकल वळवली आणि माझ्या पुढं आमच्या गल्लीत. तोवर चाचीच्या ओसरीवर दहा-बारा बायका जमलेल्या. चाची मध्ये बसून रडत होती. चाचा खुर्चीत, हातात ते पत्र.

मला वाटलं, सुईबाई आता ओरडणार, अडाणी म्हणणार. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालंच असतं. त्या पायरीवर बसल्या, पाणी मागून घेतलं, आणि चाचीला नाही तर माझ्या सासूला विचारायला लागल्या.

"आत्याबाई, तुमी जाणत्या हाईसा. देवी टोचली की येती कवा?"

"तिसऱ्या न्हायतर चौथ्या दिवशी."

"आणि आली की घरात सुई चालत न्हाय?"

"अजिबात न्हाय."

"आणि यायच्या आदी?"

"आदी चालंल की. न चालायला काय झालं? आलीच न्हाय तर सुईचा राग कुणाला यायचा?"

सुईबाईंनी मांडीवर थाप मारली. "मग झालं की! आज या घटकेला डाव्या दंडावर देवी आणि उजव्या दंडात पटकी. मान द्यायचा हाय न्हवं, मग देवीची पहिली, पटकीची तिच्या पाठोपाठ. चौथ्या दिवशी देवी येईल तवा घरात सुई शोधून सापडायची न्हाय!"

 सगळ्या आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायला लागल्या. आत्याबाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले, बोटांची पेरं चाचपली, पुन्हा मोजले. आणि एकदम उठून उभ्या राहिल्या. "कुलसूम, बस सरळ! ही बाई बरोबर बोलतीया. चूक मागल्या खेपेलाच झाली आपली. देवीच्या संगंच सुई घ्याला पायजे हुती, आपण मागनं घ्याला बघत हुतो!" म्हणजे जिनं मागच्या खेपेला सगळ्यात मोठ्यानं छे छे केलं, तीच आता पुढारी. मला हसू आवरेना.

पण चाचीची भीती निराळीच. तिनं सुईबाईंचा हात धरला. "बाई, खरं सांग. दोन्ही एकदम घेतल्यावर कुणाला काय हुतंय का?"

"हुतंय," सुईबाई म्हणाल्या. "खोटं न्हाय सांगणार. ताप येईल. दंड दुखतील, भाकरी थापवणार न्हाय. दोन दिवस आडवी पडशील. पर एक घेतली तरी पडशीलच, आणि आठ दिवसांनी दुसरी घेतली की पुन्ना पडशील. एकदाच पडून घे."

चाचीनं माझ्याकडे बघितलं. "हिला दे आदी. माझ्यासमोर. हिला काय झालं न्हाय तर मी घेते."

आता माझी पंचाईत! इतरांच्या बाह्या उसवत फिरणारी मी, माझ्या स्वतःच्या दंडाला त्या सालात कुणी हात लावला नव्हता. पण मागं कसं सरायचं? मी माझीच बाही माझ्याच कात्रीनं उसवली. चाचीच्या चुलीवर सुईबाईंचा डबा उकळत होता, त्याचा खळखळ आवाज मला अजून ऐकू येतो. डाव्या दंडावर फिरकी, उजव्या दंडात सुई. मी "आई गं" सुद्धा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर चाची उठून पळालीच असती.

मग चाची. डोळे मिटून तोंडानं पुटपुटत होती. डावा झाला. उजवा झाला. "झालं?" "झालं." चाचीनं डोळे उघडले आणि आमच्या सगळ्यांकडे अशी बघायला लागली, जणू बोटीतच बसलीय! आणि मग काय सांगू, ओसरीवर रांगच लागली. मी घेते, मला दे, माझी बाही उसव. हजला जाणारी एक, आणि दोन्ही दंड टोचून घेणाऱ्या अकरा! शेवटी आत्याबाईसुद्धा. मी शिवत होते, पण दोन्ही हात जड होत चालले होते, टाके वाकडे पडत होते. सुईबाई वाकून म्हणाल्या, "काय गं, हे पोत्याचं तोंड कुणी शिवलं?"

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली कण्हत होती. माझ्या सासूनं लग्नानंतर पहिल्यांदा मला भाकरी करून वाढली, तीही कण्हत कण्हत. आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो. पण चाचीकडे हसण्यासारखं नव्हतं. तिला ताप चढला तो उतरेना. अंग थरथरत होतं, काहीबाही बोलत होती. दुपारी चाचा भिंतीला धरून आमच्या दारात आले. आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. म्हणाले, "वैनी, त्या बाईला बोलव. हज ऱ्हाऊ दे. मला माझं माणूस पायजे."

मी अनवाणीच पळाले, वाटभर एकच डोक्यात. सुईबाईंना आणलं ते मीच, चाचीच्या डोळ्यांसमोर आधी टोचून घेतलं तेही मीच.

सुईबाई आल्या. कुणी काही बोलायच्या आत चाचीच्या उशाशी बसल्या. नाडी बघितली, दोन्ही दंड बघितले, घोटभर पाणी पाजलं. ओली पट्टी कपाळावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. गल्लीतली एकजण दारातून म्हणाली, "दोन दिल्या म्हणून झालं हे." सुईबाई तिच्याशी भांडल्या नाहीत. चाचांना म्हणाल्या, "चाचा, मी कशावरनं सांगू, एकीनं एवढा आला नसता? पर ताप लशीचाच हाय, दुसरा न्हाय. मी बघून सांगतीया. उद्या उतरला न्हाय तर मी सोता चाचीला दवाखान्यात न्हेते, आणि तुमच्या दारात उभी ऱ्हाते, काय बोलायचं ते बोला." आणि दिवेलागणीपर्यंत तिथून उठल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं घर बावड्यात, पोरं लहान. पण हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून चाचीचा आवाज आला. चाचांवर ओरडत होती, खळ सांडली म्हणून! मी भाकरीचा हात तसाच घेऊन पळाले. आत्याबाई माझ्या मागं. चाची अंथरुणात बसून चहा मागत होती. ताप गेला होता. चाचा तोंड भिंतीकडे करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

चौथ्या दिवशी दंडावर फोड आला. देवी आली. आत्याबाईंनी लिंबाचा डहाळा आणून चाचीच्या दारात लावला, आणि मी माझ्या मशीनवर चादर टाकली, कारण माझ्याही दंडावर तो फोड होताच. आणि एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. त्या दिवसापासून सुईबाई रोज चाचीचा दंड बघायला यायच्या, पण पिशवीशिवाय. पिशवी गल्लीच्या तोंडाशी सायकलला अडकवून यायच्या. त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या बाईनं बघितलं असतं तर हसली असती, सरकारी माणूस आणि असलं काय मानतं! मी विचारलंसुद्धा, "बाई, तुम्ही मानता का हे?" म्हणाल्या, "मी मानत न्हाय गं. पर चाची मानती. आणि दंड तिचा हाय."

सहा दिवस भरले. दाखल्याच्या पिवळ्या पुस्तकावर शिक्के बसले. चाचा-चाची कोल्हापूरच्या स्टेशनवर हारांनी इतकी झाकून गेली, की डब्यात चढताना चाची अडखळली. अख्खी गल्ली फलाटावर. सुईबाईंना सुट्टी मिळाली नाही, त्या आल्या नव्हत्या. गाडी हलली तेव्हा चाची खिडकीतून ओरडली, "बाईला सांगा गं माझं!" काय सांगा, ते गाडीच्या आवाजात गेलं.

ती दोघं सुखरूप परत आली तेव्हा सुईबाईंची बदली झालेली. मुरगूडला. चाचीनं दोन दिवस सुद्धा दम खाल्ला नाही. "चल," म्हणाली. एका पिशवीत खजूर, एका बाटलीत जमजमचं पाणी, आणि आम्ही दोघी एसटीत. चाचांना दम्यानं येता आलं नाही. उरलं-सुरलं आयुष्य त्यांचं त्या वर्षातच संपलं, पण हाजी होऊन संपलं. चाची शेवटपर्यंत म्हणायची, ते वर्ष त्या बाईनं दिलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शेतकऱ्यांची रांग होती. सुईबाईंनी आम्हाला बघितलं आणि हातातला बोळा तसाच टाकून धावत आल्या. चाचीला मिठी मारली. रांगेतले लोक बघतच राहिले.

"काय मागितलंस गं तिथं?" सुईबाईंनी विचारलं.

"सगळ्यांसाठी मागितलं," चाची म्हणाली. "ह्यांच्यासाठी, पोरींसाठी, गल्लीतल्या एकेकीसाठी. मग तुझ्यावर आले आणि जीभच अडली. बाई, मला तुझं नावच म्हायीत न्हाय! सुईबाई, सुईबाई करत आलो सगळी. एवढी माणसं, ढकलाढकली, आणि मी तिथंच उभी. हे म्हणत्यात, चल पुढं. मी म्हणते, थांबा, नाव आठवतीया."

"मग?" मी विचारलं. मलाही तेव्हाच कळलं, की मलाही ठाऊक नव्हतं.

"मग सांगितलं, या अल्ला, कोल्हापुरात एक सायकलवाली बाई हाय, जिनं माझे दोन्ही दंड दुखवले. तुला ठावं हाय ती. तिचं भलं कर."

सुईबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना खांबाला टेकावं लागलं. मग पदरानं डोळे पुसले आणि चाचीच्या कानाशी वाकून आपलं नाव सांगितलं. चाचीनं ते दोनदा पुटपुटून पक्कं केलं. "हां," म्हणाली, "आता नीट पोचवते." आणि तिथंच व्हरांड्यात, त्या रांगेसमोर, तिनं दोन्ही हात पसरले आणि पहिल्यापासून सगळी दुआ पुन्हा मागितली, या खेपेला नाव घेऊन. रांगेतला एक म्हातारा हात जोडून उभा राहिला, त्याचं बघून बाकीचे. सुईबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मी त्यांना त्यानंतर पुन्हा बघितलं नाही. चाचीचे ओठ थांबले, आणि तिच्याही आधी, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सुईबाई म्हणाल्या, "आमीन!"